क्लिनिकल ट्रायलसाठी ‘सब्जेक्ट’ व्हावं का? एमबीबीएसच्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

मी फार्माकॉलॉजी शिकवते आणि एका एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, बैठकांना बसते. ट्रायल म्हणजे माणसांवरची औषधाची चाचणी, आणि ‘सब्जेक्ट’ म्हणजे ती ज्याच्यावर होते तो. त्यामुळे ट्रायलबद्दलचे प्रश्न माझ्याकडे दोन वाटांनी येतात: वर्गातून, आणि वर्ग सुटल्यावर जिन्यात. जिन्यातले प्रश्न जास्त खरे असतात. इथे बहुतेक तेच घेतलेत.

मेडिकलच्या विद्यार्थ्याला ट्रायलमध्ये भाग घेता येतो का?

येतो. वय १८ पूर्ण हवं. हे मुद्दाम सांगते, कारण नीटसाठी वयाची अट १७ ची आहे. फर्स्ट इयरच्या वर्गात ऑगस्ट-सप्टेंबरात अजून १८ न झालेली मुलं असतात आणि त्यांच्या ते लक्षातही नसतं. कायद्याच्या लेखी ती अज्ञान, म्हणजे सज्ञान वयाखालची. त्यांच्या एकट्याच्या सहीला अर्थ नाही, पालकांची संमती लागते.

१८ च्या पुढे मनाई कुठेच नाही. मात्र आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांची गणना ‘व्हल्नरेबल’ गटात केली आहे, म्हणजे दबावाखाली येऊ शकणारी माणसं. त्यामुळे विद्यार्थ्यांना घेणाऱ्या संशोधकाला कमिटीपुढे आधी सांगावं लागतं की विद्यार्थीच का हवेत आणि त्यांच्यावर दबाव येऊ नये म्हणून काय केलंय. “हाताशी असतात म्हणून” हे उत्तर चालत नाही. आमच्याकडे ते बऱ्याचदा येतं, शब्द जरा सजवून.

आम्ही व्हल्नरेबल कसे? आम्हाला तर सामान्य माणसापेक्षा जास्त कळतं!

हा प्रश्न दर वर्षी येतो, थोडा दुखावलेल्या सुरात येतो, आणि तो बरोबर आहे. हाफ-लाइफ म्हणजे काय, फेज वन म्हणजे काय, हे तुम्हाला कळतं. पण यादीत तुमचं नाव अडाणीपणामुळे आलेलं नाही. आंतरराष्ट्रीय गुड क्लिनिकल प्रॅक्टिसच्या, म्हणजे ट्रायल कशी चालवावी याच्या नियमावलीच्या, व्याख्येत मेडिकल, फार्मसी, डेंटल, नर्सिंगचे विद्यार्थी, हॉस्पिटलातले कनिष्ठ कर्मचारी, औषध कंपन्यांचे नोकर, सैन्यातले लोक आणि कैदी एकापाठोपाठ येतात. या सगळ्यांत सारखं काय? वरच्या माणसाला ‘नाही’ म्हणणं जड जातं.

तुमच्या बाबतीत वरचा माणूस कोण ते तुम्ही जाणता. लॉगबुकवर सही त्याची, इंटर्नलचे मार्क त्याच्या हातात, टर्म ग्रँट व्हायची की नाही तेही तिथेच. युनिव्हर्सिटी प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षकाशेजारी तोच बसणार. त्यानं कॉरिडॉरमध्ये खांद्यावर हात ठेवून “अरे, एक छोटी स्टडी आहे, येतोस ना?” म्हटलं, की तुमचं सगळं फार्माकोकायनेटिक्स बाजूला राहतं.

पीजी सरांनी थिसिससाठी ‘नॉर्मल कंट्रोल’ (तुलनेसाठीचा निरोगी माणूस) म्हणून पाच एमएल रक्त मागितलं. हीसुद्धा ट्रायलच का?

काटेकोर अर्थानं बहुतेक वेळा नाही, कारण औषध दिलं जात नाही. पण ते माणसांवरचं संशोधन आहेच, आणि संमतीचे नियम तेच. एमबीबीएसच्या मुलाशी संशोधनाची पहिली गाठ इथेच पडते, म्हणून जरा थांबते.

चित्र असं असतं. दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे तेच पीजी सर. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, नाशिकला, आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, केव्हाच गेलेलं. पेशंटचा गट कसाबसा भरलाय, पण वयानुसार जुळणारे निरोगी कंट्रोल निम्मेही नाहीत आणि सबमिशन तोंडावर. तो रात्री साडेनऊला मेसच्या बाहेर उभा राहतो. हातात लाल आणि जांभळ्या टोपीच्या व्हॅक्युटेनरचा (रक्त घ्यायच्या नळ्यांचा) ट्रे, खिशात टूर्निके. “चला रे, दोन मिनिटांचं काम.” पोरं जेवून बाहेर पडतात आणि मेसच्याच बाकावर बाही वर करतात. फॉर्म? “तो उद्या भरून घेऊ.”

यात वाईट माणूस कुणी नाही. रेसिडेंट बहुधा छत्तीस तास जागा असतो, पोरांना तो आवडतो, त्यानं त्यांना सुया टोचायला शिकवलेलं असतं. पण रक्त आधी आणि सही उद्या, हे चुकलं ते चुकलंच. पेशंटच्या बाबतीत हीच गोष्ट केली तर आपण तिला काय म्हणू, हे तुम्ही फॉरेन्सिकच्या पेपरात लिहून आला आहात.

अशा वेळी काय म्हणायचं? “सर, फॉर्म द्या, रात्री वाचतो, सकाळी येतो.” एवढं पुरे. माझा अनुभव असा की समोरचा खजील होतो, रागावत नाही. आणि फॉर्ममध्ये एक गोष्ट नक्की शोधा: उरलेल्या नमुन्याचं काय होणार. पाच एमएल घेतलं, दोन वापरलं, तीन डीप फ्रीझरमध्ये गेलं. पुढच्या वर्षी त्यावर दुसरा कुणी दुसरंच काही बघणार असेल तर त्याचीही परवानगी तुमच्याकडून हवी.

“संशोधन व्हायलाच हवं” म्हणतात सगळे, पण नाव द्यायची वेळ आली की कुणी पुढे येत नाही. हा दुटप्पीपणा नाही का?

वर्गात मी तीनदा हात वर करायला सांगते. नवीन औषधांच्या चाचण्या माणसांवर व्हाव्यात असं कुणाला वाटतं? जवळजवळ सगळे. वॉर्डातल्या पेशंटनं त्यात भाग घ्यावा असं कुणाला वाटतं? बरेच. तुमच्यापैकी कोण घेईल? इथे मुलं आधी शेजाऱ्याकडे बघतात. मग दोन-चार हात वर येतात, त्यातला एखादा मागच्या बाकावरून, गंमत म्हणून.

याला लगेच दुटप्पीपणा म्हणायला मी तयार नाही. न येणाऱ्या हातांमागची कारणं विचारली तर वेगवेगळी निघतात. पहिलं वेळ, परीक्षा नसलेला महिना एमबीबीएसला नसतोच. दुसरं घरचे. तिसरं सुई, आणि हो, उद्याच्या सर्जनलासुद्धा स्वतःच्या हातातली सुई नको असते. चौथं मला सगळ्यात विचारात पाडणारं: “आम्ही फॉर्म कसे भरून घेतात ते पाहिलंय.” ज्यानं स्वयंपाकघर पाहिलंय तो हॉटेलात जेवायला कचरतो, तसं हे आहे. ओपीडीत अडीचशेव्या नंबरच्या पेशंटला सात पानांचा फॉर्म दीड मिनिटात ‘समजावलेला’ त्यांनी पाहिलाय. विश्वास औषधावरचा उडालेला नसतो, त्या दीड मिनिटावरचा उडालेला असतो.

हात वर करणाऱ्यांची कारणंही सरळ एका जातीची नाहीत. कुणाला कुतूहल असतं. कुणाची आजी कॅन्सरनं गेलेली असते. कुणाला पॉकेटमनी हवा असतो. आणि काहींना वाटतं की मॅडमचं आपल्याकडे लक्ष जाईल. या शेवटच्या कारणासाठी वर आलेला हात मी मोजत नाही.

अशी मतं प्रश्नावली वाटूनही गोळा करतात: ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकोन. ती वाचताना एवढं लक्षात ठेवा की कागदावर ‘सहमत’ला टिक करायला काही लागत नाही. त्यात प्रश्नावली वाटणारा त्याच विभागाचा शिक्षक असेल आणि ती प्रॅक्टिकल संपताना दारातच गोळा केली जात असेल, तर त्या टिकवर फार विसंबू नये.

निरोगी माणसावरची ‘बीई स्टडी’ म्हणजे नक्की काय करतात?

बायोइक्विव्हॅलन्स. बाजारात असलेल्या गोळीची दुसऱ्या कंपनीनं बनवलेली आवृत्ती रक्तात तितकीच आणि तितक्याच वेगानं उतरते का, हे बघायचं. आपल्याकडे निरोगी स्वयंसेवकांवर होणाऱ्या अभ्यासांत मोठा वाटा याचाच आहे, आणि अशा केंद्राला केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदणी लागते.

संध्याकाळी आत जायचं. सामान तपासतात, बिडी, तंबाखू, गोळ्या, च्युइंगगम, सगळं काढून ठेवायचं. ठरलेल्या वेळी जेवण, मग किमान दहा तास उपास. सकाळी हातात कॅन्युला (शिरेत ठेवलेली बारीक नळी), दोनशे-अडीचशे एमएल पाण्याबरोबर गोळी, आणि तोंड उघडून, जीभ उचलून दाखवायची की गिळली. पुढे घड्याळावर चालतं: पंधरा मिनिटं, अर्धा तास, पाऊण तास, एक तास अशी सॅम्पलं. पहिले काही तास आडवं व्हायचं नाही. दुपारी जेवण, आणि बाकी वेळ हॉलमधल्या टीव्हीवर कुणीतरी लावलेला सिनेमा. काही दिवसांचा वॉशआउट, म्हणजे शरीरातून औषध पूर्ण जाऊ देण्याचा काळ, आणि मग तोच खेळ दुसऱ्या गोळीबरोबर.

‘फेड स्टडी’ असेल तर उपासाऐवजी आठशे ते हजार कॅलरीचा तुपकट नाश्ता अर्ध्या तासात संपवावा लागतो. हॉस्टेलच्या पोरांना हा भाग सोपा वाटतो. प्रत्यक्षात सकाळी सात वाजता एवढं बटर खाऊन बघा.

एकूण रक्त किती जातं?

हिशेब सोपा आहे. एका फेरीत पाच-पाच एमएलची १८ सॅम्पलं धरली तर ९० एमएल, दोन फेऱ्यांचे १८०, वर तपासण्यांचे दहा-पंधरा. रक्तदानात एका वेळी ३५० एमएल जातं. म्हणजे आकडा भीतीदायक नाही. पण लागोपाठ दोन-तीन केंद्रांवर जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा होतो, म्हणून दोन अभ्यासांत साधारण तीन महिन्यांचं अंतर मागतात. खोटं सांगून मध्ये रक्तदान केलंत किंवा दुसऱ्या केंद्रावर जाऊन आलात, तर बिघडतं तुमचं हिमोग्लोबिन आणि त्यांचा डेटा, दोन्ही.

पैसे मिळतात का? पैशासाठी जाणं चुकीचं आहे का?

मिळतात. गेलेला वेळ, प्रवास, झालेला त्रास यांची ती भरपाई, आणि आकडा एथिक्स कमिटी मंजूर करते. तो इतका मोठा नसावा की माणूस धोका न वाचताच सही करेल. मध्येच बाहेर पडलात तर झालेल्या भागाचे पैसे मिळायला हवेत. ‘पूर्ण केलं तरच सगळे’ अशी अट दिसली तर ती आम्ही खोडतो.

पैशासाठी जाणं चुकीचं नाही. मेसचं बिल थकलेल्या मुलाला नैतिकता शिकवायचा मला हक्क नाही. फक्त पैशासाठी जाणारा मुलगा स्क्रीनिंगला, म्हणजे निवडीआधीच्या तपासणीत, आजार लपवतो, हे मी पाहिलंय. लहानपणीचा दमा, चालू असलेली पिंपल्सची गोळी, मागच्या महिन्यातला कावीळसदृश ताप. ते लपवू नका.

धोका खरंच किती असतो?

अभ्यास कोणता त्यावर. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या औषधाच्या बीई स्टडीत धोका बहुधा त्या गोळीच्या नेहमीच्या दुष्परिणामांइतका. माणसाला पहिल्यांदाच दिल्या जाणाऱ्या रेणूचा, म्हणजे अगदी नव्या औषधाचा, हिशेब पूर्ण निराळा.

१३ मार्च २००६. लंडनचं नॉर्थविक पार्क हॉस्पिटल. टीजीएन १४१२ नावाची अँटिबॉडी आठ तरुणांपैकी सहांना दिली, दोघांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला डोस. काही मिनिटांच्या अंतरानं एकापाठोपाठ दिली. थोड्याच वेळात सहाही जण कोसळले, अनेक अवयव निकामी व्हायला लागले. सगळे जगले, पण सगळे अतिदक्षता विभागात जाऊन. तेव्हापासून असं औषध आधी एकालाच देऊन थांबण्याची पद्धत रूढ झाली. तरी जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेनला बीआयए १०-२४७४ च्या चाचणीत एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला.

तुमच्या परिस्थितीच्या जास्त जवळची घटना २००१ ची आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यावरच्या एका अभ्यासात हेक्झामेथोनियम हुंगायला दिलं होतं. त्यात २४ वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका दगावली. ती त्याच संस्थेच्या दमा-अ‍ॅलर्जी केंद्रात तंत्रज्ञ होती. आणि १९९६ मध्ये रोचेस्टर विद्यापीठाची १९ वर्षांची विद्यार्थिनी संशोधनासाठी केलेल्या ब्राँकोस्कोपीनंतर, म्हणजे नळी घालून केलेल्या श्वासनलिकेच्या तपासणीनंतर, गेली. घसा बधिर करायला दिलेलं लिडोकेन प्रमाणाबाहेर झालं होतं. लिडोकेन! आपण ज्याच्याकडे बघतही नाही असं औषध. म्हणून फॉर्ममध्ये मुख्य औषधाखेरीज आणखी काय काय देणार आहेत तेही वाचा.

काही झालंच तर खर्च कोण करणार?

२०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांत हे स्पष्ट आहे. ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार मोफत. गरज असेपर्यंत, किंवा त्या इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत. गंभीर घटना संशोधकानं २४ तासांत कळवायची असते. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: आठ लाखांचा मूळ आकडा, गुणिले वयाचा घटक, गुणिले धोक्याचा घटक, भागिले ९९.३७. अत्यवस्थ पेशंटसाठी धोक्याचा घटक ०.५, निरोगी स्वयंसेवकासाठी ४. म्हणजे वीस वर्षांच्या धडधाकट विद्यार्थ्यासाठी साधारण ७२ लाख रुपये.

वर्गात हा आकडा मी फळ्यावर काढून दाखवते. मुलं शांत होतात. एकदा मागून कुणीतरी “एज्युकेशन लोन फिटेल” म्हणालं आणि सगळे हसले, मीही हसले.

स्क्रीनिंगमध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सी करतात. ते रिपोर्ट आमचेच सर बघणार का?

जिन्यात सगळ्यात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न. आपल्याच कॉलेजात ट्रायल असेल तर लॅब आपल्याच मायक्रोबायॉलॉजीची, टेक्निशियन ओळखीचा, रिपोर्ट काढणारा रेसिडेंट मागच्या वर्षी हॉस्टेलात शेजारच्या खोलीत. कागदावर तुमचं नाव नसतं, कोड असतो. पण ज्या कॉलेजात कुणाचं कुणाशी जुळलं हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळतं, तिथे कोड किती टिकेल ही शंका रास्त आहे.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तपासणीला तुमची संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तरी माझा सल्ला व्यवहारी: अशी तपासणी असलेल्या अभ्यासात भाग घ्यायचाच असेल तर शक्यतो दुसऱ्या संस्थेत घ्या. आणि भाग घेण्याआधी स्वतःला विचारा, निकाल पॉझिटिव्ह आला तर तो आत्ता कळलेला मला झेपेल का? हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झाली नसेल तर ती मात्र ट्रायल असो वा नसो, या आठवड्यात घ्या.

अटेंडन्स मिळेल का?

नाही. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागतात, ट्रायलची सूट त्यात बसत नाही. आणि कुणी “अटेंडन्सचं मी बघतो” म्हणालं तर तेच आमिष समजा. मार्क, अटेंडन्स, पोस्टिंग, शिफारसपत्र यांतलं काहीही बदल्यात देऊ केलेलं असेल तर एथिक्स कमिटीला कळवा.

सर्टिफिकेट? पीजीला उपयोग?

पीजीच्या जागा नीटच्या रँकवर मिळतात. सहभागी झाल्याचा तिथे काडीचा उपयोग नाही. संशोधनाचा अनुभवच हवा असेल तर आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप बघा. तिथे तुम्ही सुईच्या दुसऱ्या टोकाला असता.

आम्हाला औषधं माहीत असतात, त्यानं ट्रायलच बिघडत नाही का?

बिघडू शकते, आणि विद्यार्थी का नकोत याचं हे चांगलं शास्त्रीय कारण आहे. आमच्या प्रॅक्टिकलचंच उदाहरण घ्या. एका गटाला क्लोरफेनिरामिन, दुसऱ्याला प्लासिबो, आणि अंक-अक्षर जुळवण्याची चाचणी. पंधरा मिनिटांत मुलं एकमेकांना विचारतात, “तोंड कोरडं पडलं का रे?” ज्याचं पडलं त्याला कळलं आपल्याला काय मिळालंय. आता तो जांभयाही देणार, कारण पुस्तकात झोप येते असं लिहिलंय. प्लासिबो मिळालेला शेजारीही त्याच्याकडे बघून जांभई देतो.

शिवाय वीस-बावीस वर्षांच्या, सडपातळ, दुसरी कुठलीही गोळी चालू नसलेल्या मुलांत मिळालेला निकाल साठीतल्या मधुमेही आजोबांना किती लागू होणार?

मुलींना घेतच नाहीत, असं ऐकलं.

घेतात, पण कमी. गरोदरपणाची तपासणी, गर्भनिरोधनाची अट, आणि हिमोग्लोबिनची पातळी यात बऱ्याच जणी गळतात. आपल्या लेडीज हॉस्टेलात हिमोग्लोबिन १२ च्या वर किती जणींचं आहे, ते फर्स्ट इयरच्या फिजिऑलॉजी प्रॅक्टिकलला साहलीच्या नळीत दिसतंच. गर्भनिरोधनाचे प्रश्न विचारणारी व्यक्ती स्त्री असावी आणि दार बंद असावं, एवढी मागणी तुम्ही करू शकता.

पूर्वीचे डॉक्टर स्वतःवरच प्रयोग करायचे. आपण एवढे घाबरट का झालो?

हाफकिन यांचं नाव परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमुळे आपल्या ओळखीचं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगतात: त्यानंतर महिनाभराच्या आत ती लस भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली गेली. कैदी ‘स्वयंसेवक’ होते, असं नोंदलेलं आहे. तुरुंगात प्लेग शिरलेला असताना ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अर्थ काय, यावर आमच्या कमिटीत एक अख्खी दुपार जाऊ शकेल.

विद्यार्थ्याचं उदाहरण हवं असेल तर पेरूचा डॅनियल कॅरियन. १८८५ च्या ऑगस्टमध्ये लिमाच्या हॉस्पिटलात त्यानं एका पेशंटच्या चामखिळीसारख्या गाठीतला द्राव स्वतःच्या हातात टोचून घेतला आणि लक्षणांची टिपणं ठेवायला लागला. ५ ऑक्टोबरला तो गेला. त्या गाठी आणि ओरोयाचा जीवघेणा ताप हा एकच आजार आहे, हे त्याच्या मरणानं सिद्ध झालं. आज त्या आजाराला त्याचं नाव आहे आणि ५ ऑक्टोबर हा पेरूत वैद्यकदिन पाळतात. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलनं हेलिकोबॅक्टर या जंतूचं कल्चर पिऊन जठरदाह ओढवून घेतला; तो वाचला, २००५ चं नोबेल मिळालं.

ही माणसं मोठी होती. पण तिघांनाही ‘येतोस ना?’ असं विचारणारा एचओडी (विभागप्रमुख) समोर नव्हता. प्रश्न त्यांचा होता, अंगही त्यांचं. आणि आज स्वतःवर प्रयोग करायचा म्हटला तरी कमिटीपुढे यावं लागतं.

मध्येच सोडता येतं का?

कधीही, कारण न देता. फक्त औषध शरीरात असताना गायब होऊ नका. शेवटची तपासणी तुमच्यासाठीच असते.

मी पालक आहे. मुलीनं आम्हाला न विचारता सही केली. ती रद्द करता येईल का?

ती १८ ची असेल तर नाही, रद्द फक्त तीच करू शकते. तुमची काळजी मला समजते. सांगली-परभणीहून फोनवर “मी ट्रायलमध्ये आहे” एवढंच ऐकू आलं की आई-वडिलांची झोप उडणारच. रागवायच्या आधी तिच्याकडून माहितीपत्रकाचा फोटो मागवा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. मुलांनाही सांगते: घरी सांगा. परवानगी म्हणून नव्हे. रात्री दोनला काही झालं तर फोन त्यांनाच जाणार आहे.

ट्रायल खरी आहे की नाही, हे कसं तपासायचं?

सीटीआरआय नंबर मागा. भारतातल्या ट्रायलची ही नोंदवही २००७ पासून आहे, १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंद तिथे सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला माणूस घेण्याआधीच नोंद करावी लागते. साइट कुणालाही खुली आहे. तिथे अभ्यासाचं नाव, पैसा कुणाचा, किती माणसं, कोणत्या कमिटीनं मंजुरी दिली हे दिसतं. नंबर विचारल्यावर समोरचा “प्रोसेसमध्ये आहे” म्हणाला, तर तुमची सहीही प्रोसेसमध्ये ठेवा. नव्या रेणूची ट्रायल असेल तर तुमच्यासारख्या गटाची संमती घेताना व्हिडिओ रेकॉर्डिंग बंधनकारक आहे. कॅमेरा दिसला नाही तर विचारा.

सही केली, पण फॉर्मची प्रत दिली नाही. मागितली तर सर रागावतील का?

मागा. प्रत देणं नियमात आहे, उपकारात नाही.

मागच्या वर्षी थर्ड इयरची एक मुलगी सहीसाठी दिलेला फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. पेन्सिलीनं तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं होतं आणि शेवटच्या पानावर एक गोल. तिथे “अडचण आल्यास एथिक्स कमिटीशी संपर्क साधावा” असं छापलं होतं आणि पुढे टिंबं. नंबरच नव्हता. आमच्या सात जणांच्या डोळ्यांखालून तो कागद गेला होता. आम्ही तो परत पाठवला. नंबर घालून नवा फॉर्म आला, तेव्हा मी तिला विचारलं, केलीस का सही? “नाही मॅडम,” ती म्हणाली. का, ते मी विचारलं नाही.